क्रमांक चारची नोंद

"सोमवारी दुपारी दोन चाळीस. परत तेच. या स्वित्झर्लंडला सोमवारचं काय वावडं आहे कळत नाही," असं काउंटरवर ओणवं होऊन, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं पुटपुटत वेणीमाधव सरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सायराबानूपुढच्या हिरव्या कापडावर ठेवलं.

सायराबानूच्या डोळ्याला भिंग होतं. चिमट्यात धरलेला तिळाएवढा स्क्रू जागेवर बसेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग भिंग कपाळावर सरकवून म्हणाली,

"बसा की सर. उभ्यानं किती भांडताल त्याच्याशी."

घडीची खुर्ची तिनं दहालाच उघडून ठेवली होती. मंगळवार होता.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या बोळात, कपड्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये दीड माणूस मावेल एवढी ती जागा. पाटीवर अजून 'राजेसाब घड्याळवाले' असंच होतं. राजेसाब जाऊन चार वर्षं झाली होती. नवीन गिऱ्हाईक आलं की तिच्या खांद्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, मालक कधी येतील? "ठेवून जावा, होतंय," एवढंच ती सांगायची. आणि व्हायचं. नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हा शेवटची सात वर्षं ती त्याच्या शेजारी बसून त्याचे डोळे झाली होती. कुणी शिकवलं असं म्हणता येणार नाही, आणि कुणी शिकवलं नाही असंही नाही.

राजेसाबचा एक रिवाज तिनं मोडला नव्हता. घड्याळ दुरुस्तीला आलं की काचेवर, कंपनीचं नाव येईल तेवढ्याच जागी, कागदाची बारीक चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर क्रमांक टाकायचा. नाव वाचलं की हात घाबरतो, नाहीतर माजतो, असं राजेसाबचं म्हणणं होतं. दुसरा रिवाज असा, की दुरुस्त झालेलं घड्याळ चार दिवस स्वतःच्या हातावर वागवल्याशिवाय परत द्यायचं नाही. त्यामुळं सायराबानूच्या मनगटावर केव्हाही दोन-तीन घड्याळं असायची. समोरच्या चहावाल्या सोमलिंगला त्याची मोठी मौज वाटे. "सगळ्या पेठेची वेळ तुमच्याच हातावर हाय की भाभी, आमी आपलं उगं उनाकडं बघून दुकान लावतो," असं तो म्हणायचा.

सरांना या कागदाच्या पट्टीनंच पकडलं होतं. तेहतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. पहिल्यांदा आले तेव्हा काचेवरची पट्टी बघून त्यांनी चष्मा पुसला होता आणि म्हणाले होते, "बाई, हे उत्तम आहे. प्रतिष्ठेला एकक नाही. ज्याला एकक नाही ते मोजायचं कसं?" आणि पुढच्याच खेपेला चौकटी आखलेली वही घेऊन आले.

तेव्हापासून स्पर्धा सुरू होती. क्रमांक एक म्हणजे सरांचं स्वतःचं जुनं एचएमटी, रोज सकाळी दूध तापेपर्यंत चावी द्यायचं. क्रमांक दोन एका माजी चेअरमनचं, सोन्याच्या कडेचं; साफसफाईला आलेलं आणि नेण्याची त्यांना घाई नसलेलं. तीन एका डॉक्टरीणबाईंचं जपानी. चार म्हणजे सरांच्या मुलानं, अवधूतनं, पंचाहत्तरीला सिंगापुराहून पाठवलेलं स्विस. त्याच्या किमतीत चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याची एक शेड उभी राहिली असती, असा सोमलिंगचा अंदाज. आणि पाच म्हणजे सोमलिंगचंच, स्टँडवर घेतलेलं, सेलवर चालणारं. मंगळवारी आणि शनिवारी, अकराच्या ठोक्याला, फोनवरच्या वेळेशी पाचही घड्याळं पडताळली जायची. नावं झाकलेली. आपलं घड्याळ माणूस ओळखतोच. पण सर ओळख दाखवत नसत. "क्रमांक चारचे काय?" असं परक्या मुलाच्या पेपराबद्दल विचारावं तसं विचारत.

दोन महिन्यांत निकाल बराच स्पष्ट झाला होता. सोन्याच्या कडेचं दिवसाला अकरा सेकंद मागं पडायचं, जपानी जेमतेम दोन. एचएमटी रोज वीस सेकंद मागं, पण रोज वीसच. सर त्याच्यावर खूश होते. चूक ठरलेली असली की तिचा हिशेब धरता येतो, म्हणायचे. आणि सोमलिंगचं अर्ध्या सेकंदाच्या पलीकडं हलायला तयार नव्हतं.

"सेलवालं वेगळ्या वर्गात बसवावं लागेल," सर म्हणाले होते.

"न्हाय न्हाय सर, नाव झाकून म्हंजे झाकून," सोमलिंग म्हणाला होता. "आता जात कुटं काढताय."

क्रमांक चारचा मात्र निकाल लागत नव्हता. सर ते शनिवारी दुपारी घेऊन जायचे आणि सोमवारी दुपारी ते थांबायचं. मंगळवारी ते परत इथं. मंगळवार ते शनिवार सायराबानूच्या हातावर ते दिवसाला तीन सेकंद पुढं, हू की चू न करता चालायचं. 

"या वेळी काय वाटतं बाई?" सरांनी वही उघडली. "वंगण झालं. चुंबकत्व झालं. इन्व्हर्टरपासून लांब ठेवून पाहिलं. चादरीच्या कापसाचा तंतू आत गेला असेल, असं मला वाटतं. आमच्या शेजारी माग आहेत."

"बघते की. असंल," सायराबानू म्हणाली.

तिला माहीत होतं, आत तंतूबिंतू काही नव्हता. पहिल्याच आठवड्यात सरांच्या आग्रहावरून तिनं मागचं झाकण उघडलं होतं. आतलं मशीन नव्या परकराच्या घडीसारखं स्वच्छ होतं. त्यातला अर्धचंद्रासारखा पत्रा तिनं बोटानं हळूच ढकलला होता. हात हलला की तो पत्रा फिरतो, पत्रा फिरला की चावी भरते. अशा घड्याळाला दुसरं काही लागत नाही, चालता-फिरता हात लागतो. नुसतं टेबलावर ठेवलं तर दीड-दोन दिवस तग धरतं. सरांच्या हातावर ते जवळजवळ तेवढाच तग धरत होतं.

याचा अर्थ तिला त्याच गुरुवारी, क्रमांक चार हातावर बांधून पीठ मळताना लागला होता. आणि भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला तो लागला नसेल हे काही तिला पटत नव्हतं.

दुसरी एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. त्या घड्याळाला तारखेची खिडकी नव्हती. थांबलेलं घड्याळ तास-मिनिटं सांगतं, वार सांगत नाही. सोमवार आहे हे कळायला ते थांबतं तेव्हा समोर बसलेलं असावं लागतं.

तीनदा तिनं बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं. एकदा आडून विचारलंही होतं, "सर, सकाळचं फिरायला जाता का?"

"जायचो. तळ्याला फेरी. मी वेळ लावायचो," सर म्हणाले होते. "बावीस मिनिटं. बरोबर बोलणारं कुणी असलं की सत्तावीस."

"आणि आता?"

"आता थंडी आहे."

सोलापुरात थंडी आहे हे कारण ज्यानं दिलं त्याला पुढं काही विचारू नये, एवढं तिला कळत होतं. बरोबर बोलणारं कोण, हेही तिला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी सरांच्या पत्नी सरोजिनीबाई गेल्या. त्यांचं नाव सर घेत नसत. 'ते झालं त्याच्या आधी' असं म्हणत, जणू घरात रंगकाम झालं होतं. सोमलिंगही 'तवापासून' म्हणायचा. आणि सायराबानू तर त्यातही जात नव्हती.

नुसती त्यांची भीड होती असंही नाही. सांगितलं असतं, की घड्याळात काही नाही, तर सर म्हणाले असते, बरं. वही मिटली असती. मंगळवारी खुर्ची कुणासाठी उघडायची? तिची लेक समरा गुलबर्ग्याला दिलेली, ती ईदेला यायची. बाकी दिवसभर तिच्याशी बोलणारी माणसं होती ती 'मालक कधी येतील' म्हणणारी. राजेसाबच्या माघारी तिच्या कामाकडं बघून 'उत्तम आहे' म्हणालेला हा एकच माणूस होता. तेव्हा ती प्रत्येक वेळी म्हणायची, बघते की, असंल. आणि सोमलिंगला बोटांनी दोन चहाची खूण करायची.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी सर आले, घड्याळ घेऊन गेले. जाताना म्हणाले, "अवधूत येतोय. आठ दिवस. गड्ड्याची जत्रा आहे ना, लहानपणी फार हट्ट करायचा." एवढं बोलून ते पायरी उतरले, परत वर आले, आणि आपण परत का आलो ते न आठवल्यासारखे निघून गेले.

मंगळवारी सर आले नाहीत. मुलगा आलाय, कशाला येतील, असं सायराबानूनं स्वतःला सांगितलं. खुर्ची मात्र तिनं मिटली नाही. अकरा वाजता सोमलिंग सवयीनं दोन चहा घेऊन आला, खुर्चीकडं बघितलं, आणि दुसरा चहा तिथंच उभा राहून आपणच प्यायला. शनिवारीही तेच झालं.

सोमवारी, दुकानात चेअरमनांचा माणूस शिवपुत्र सोन्याच्या कडेचं घड्याळ न्यायला येऊन बसला होता. तेव्हा सर आले. पुढं अवधूत, मागं सर. अवधूतच्या हातात चामड्याची छोटी डबी होती. ती त्यानं काउंटरवर ठेवली, उघडली. आत क्रमांक चार. कागदाची पट्टी काढलेली, काचेवर डिंकाचा पुसट चौकोन.

"हे तुम्ही उघडलंत?"

आवाज चढा नव्हता. माणूस वाईट वाटत नव्हता. डोळ्यांखाली झोप नसलेल्या माणसाचा काळेपणा होता.

"उघडलं होतं," सायराबानू म्हणाली. "एकदाच. झाकण लावून, पाणी शिरत न्हाय ना, दाब बघून दिलं."

"मी पुण्याला जाऊन आलो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. त्यांनी मशीनवर लावून बघितलं, त्यांच्याकडे उत्तम चाललं. पण आधी बाहेर उघडलंय म्हणून वॉरंटी गेली. घरी आणलं, बाबांच्या हातात घातलं, परत बंद." त्यानं दुकानावरून नजर फिरवली. टांगलेले पट्टे, भिंतीवरची बंद पडलेली लंबकाची घड्याळं, दोऱ्यानं बांधलेलं स्टूल. "आणि हा कागद चिकटवला होता कशासाठी? नावावर?"

"नाव झाकून बघायची पद्धत हाय आमची."

"अहो, त्या नावासाठीच तर घेतलं ना मी ते."

शिवपुत्र खुर्चीत सावरून बसला. त्यानं आधी अवधूतकडं बघितलं, मग काउंटरवर ठेवलेल्या आपल्या साहेबांच्या घड्याळाकडं.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "साहेबांचं हाय तसंच द्या. राहिलं असंल काही तर राहू द्या."

"तुमचं तयार हाय. आजचा एक दिवस हातावर—"

"नको, नको. आणायला सांगितलंय साहेबांनी."

त्यानं घड्याळ खिशात घातलं आणि अवधूतला वाट करून देत, जरा जास्तच वाट करून देत, तो निघून गेला. चाळीस वर्षांत या काउंटरवरून कुणी असं घड्याळ उचलून नेलं नव्हतं. सायराबानूनं हिरव्या कापडाची सुरकुती सरळ केली. ती सरळच होती.

सर बोळाकडं तोंड करून उभे होते. त्यांची वही काखेत होती.

"मला फक्त एवढं कळू द्या," अवधूत म्हणाला. "तुमच्याकडे किती वेळा आलं, काय केलंत, काही लिहून ठेवता का? मी पुण्याला परत बोलतो. कारण दोनच. नाहीतर घड्याळ सदोष, नाहीतर उघडताना काहीतरी झालंय."

राजेसाबच्या वेळची रोजनिशी काउंटरवरच होती, तिच्या उजव्या हाताशी. त्यात क्रमांक चारला अख्खं पान होतं. डाव्या बाजूला 'माझ्या हातावर', उजव्या बाजूला 'सरांच्या हातावर'. पान उलटून पोरापुढं सरकवायचं, एवढंच काम होतं. त्याला आकडे वाचता येत होते. राजेसाब असता तर त्यानं सरकवलं असतं. चूक नसताना चूक आहे म्हणणं म्हणजे हाताला शिवी देणं, असं तो मानायचा.

सायराबानूनं रोजनिशीवर तळहात ठेवला. सरांच्या पाठीकडं बघितलं. स्वेटरची शिवण खांद्यावर उसवली होती आणि कुणीतरी, म्हणजे सरांनीच, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं ती घातली होती.

"उघडताना झालं असंल माझ्याकडून," ती म्हणाली.

सोमलिंग दारात चहाची किटली घेऊन उभा होता. त्याचं तोंड उघडलं. "ओ भाभी, काय बोलताय तुमी, ते घड्याळ तर—"

"सोमलिंग, चहा ठेवून जा."

त्यानं चहा ठेवला. गेला मात्र नाही.

अवधूतला एवढ्या सहज कबुलीची तयारी नव्हती. तो जरा नरमला. "ठीक आहे. माणसाच्या हातून होतं. पण मग निदान सांगायचं तरी. अकरा आठवडे म्हाताऱ्या माणसाला हेलपाटे—"

"अवधूत," सर म्हणाले.

ते वळले होते. त्यांनी काखेतली वही काढली, चष्मा घातला आणि वर्गात वाचायचे तशा आवाजात वाचू लागले.

"क्रमांक चार. बाईंच्या हातावर, अकरा आठवडे, दिवसाला तीन सेकंद पुढे. एकदाही बंद नाही. माझ्या हातावर, अकरा आठवडे. पन्नास तास, पन्नास तास, एकोणपन्नास तास, पन्नास तास." त्यांनी पान उलटलं नाही. "बाईंनी काही बिघडवलेलं नाही. त्या खोटं बोलतायत."

"मग बिघाड कशात आहे बाबा?"

"बिघाड नाही. ते हात हलला की चालतं."

अवधूतनं डबी मिटली. मग भराभर म्हणाला, "गुडघे दुखतात का? सांगायचं ना. उद्याच दाखवू. आणि सेलवालं घेऊ या दुसरं, त्याला काहीच करावं लागत नाही. मी म्हणतोच आहे, ते सगळं झाल्यापासून तुम्ही स्वतःकडे—"

"गुडघे ठीक आहेत," सर म्हणाले.

बोळातून एक रिक्षा आत शिरली आणि पुढं वाट नाही म्हणून हॉर्न वाजवत मागं गेली. सर घडीच्या खुर्चीत बसले. दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, आणि ते हात तिथं इतके ओळखीचे दिसले की अवधूतनं नजर काढून घेतली. सायराबानूनं रोजनिशीवरचा तळहात उचलला. चहाचा एक पेला सरांकडं सरकवला, दुसरा क्षणभर हातात धरून अवधूतपुढं ठेवला.

"सकाळी उठून मी खुर्चीत बसतो," सर म्हणाले. "हात दांडीवर, हातावर हे. हे बंद पडेपर्यंत बघतो. मग मंगळवार येतो, तेव्हा इथं यायला मिळतं."

अवधूतनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. सरांनी हात वर केला नाही, नुसती मान हलवली, आणि तो थांबला.

"सरोजिनी नाही," सर म्हणाले. "मला करमत नाही रे."